पुसलेल्या पानाची अमानत

अब्बांचा कॉम्प्युटर आमच्या दौलताबादच्या घरात २००४ साली आला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना तेव्हा आठ वर्षं झाली होती. हात थरथरू लागल्यामुळे पेन धरवत नव्हतं आणि आठवणी तर लिहायच्या होत्या. म्हणून वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ते एका बोटानं मराठी टायपिंग शिकले. पाच वर्षांत दीडशे पानं झाली. २००९ साली त्यांनी त्याच्या सहा प्रती काढल्या आणि आम्हा भावंडांना ईदी वाटावी तशा वाटल्या. २०१२ साली त्यांचा इंतकाल झाला.

कॉम्प्युटर आपाच्या मुलाकडे गेला. त्यानं कुठलंही पोर करील तेच केलं. मशीन फॉरमॅट केलं, नवी विंडोज टाकली, गाणी भरली, एका लग्नाचं चित्रीकरण उतरवून ठेवलं. २०१६ साली आम्हाला अब्बांच्या आठवणी छापाव्याशा वाटल्या. टाइप केलेली फाईल मिळाली तर काम सोपं होईल, असं छापणाऱ्यानं सांगितलं. फाईल कुठे आहे, या प्रश्नावर घरातले सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

मी ती हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून शहरात एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. (शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर.) मला वाटलं होतं, तो विचारील, काय हरवलं? त्यानं विचारलं, ‘‘त्यानंतर हिच्यावर काय काय लिहिलं?’’

हा प्रश्न मला तेव्हा कळला नाही. आज वाटतं, एवढा शहाणा प्रश्न मला आयुष्यात फार कमी लोकांनी विचारला आहे.

त्यानं समजावून सांगितलं ते असं. आपण फाईल डिलीट करतो तेव्हा ती पुसली जात नाही. डिस्कवर एक यादी असते, कोणती फाईल कुठे आहे याची. डिलीट केल्यावर त्या यादीत फक्त एवढी खूण होते की, ही जागा आता मोकळी समजावी. अक्षरं असतात तिथेच असतात. घाईचा फॉरमॅट मारला तरी नवी कोरी यादी तयार होते, खालचा मजकूर बहुतेक तसाच राहतो. तो खरोखर जातो केव्हा, तर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जातं तेव्हा. पूर्वी अशी समजूत होती की वरचं लिखाण उकलून खालचं वाचता येईल; १९९६ साली पीटर गटमन या संशोधकानं तशी शक्यता धरून पस्तीस वेळा पुसण्याची पद्धतही सुचवली होती. आजच्या डिस्कवर तेवढ्याची गरज नाही. एकदा वरून लिहिलं की खालचं संपलं.

म्हणून या धंद्याचा पहिला नियम आहे, हरवल्याचं लक्षात आलं की थांबायचं. मशीन बंद करायचं. शोधायला म्हणून काही करू नये, कारण तेही लिहिणंच असतं. दुसरा नियम, मूळ डिस्कवर काम करायचं नाही, तिची हुबेहूब नक्कल काढून त्या नक्कलेवर करायचं. आणि तिसरा, जे सापडेल ते त्याच डिस्कवर परत लिहायचं नाही. लिहिलं तर एक वाचवताना दुसरं गाडलं जातं.

आग आणि पाणीसुद्धा एवढं नुकसान करीत नाहीत. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळलं, कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी गेले. त्या यानातली जळून काळी झालेली एक हार्ड डिस्क टेक्सासमध्ये सापडली. तिच्यातली सुमारे नव्व्याण्णव टक्के माहिती तज्ज्ञांनी परत मिळवली आणि त्या प्रयोगाचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. आकाशातून जळत पडलेली डिस्क वाचली. आमच्या बैठकीत, पंख्याखाली ठेवलेली डिस्क मात्र लग्नाच्या बँडबाजाखाली गेली.

डिस्क दुकानात ठेवून मी बसनं घरी निघालो. शहर सुटलं की थोड्या वेळानं किल्ल्याचा डोंगर दिसू लागतो. आम्हा दौलताबादकरांना तो दिसतो म्हणजे खरं तर दिसेनासा झालेला असतो. त्या दिवशी मात्र मी तो नव्यानं पाहिला. हे गावच्या गाव एकावर एक लिहिलेलं आहे. यादवांची देवगिरी. १३१८ साली कुतुबुद्दीन मुबारक खिलजीनं बांधलेली जामा मशीद आणि तिच्यात उभे असलेले जुन्या देवळांचे खांब. १३२७ साली मुहम्मद तुघलकानं राजधानी इथे आणली, गावाचं नाव दौलताबाद झालं. पंधराव्या शतकात बहमनींचा चाँद मिनार उभा राहिला. मग निजामशाही, मोगल, आसफजाही. आणि १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर त्याच मशिदीत भारतमातेची मूर्ती बसली. तेव्हापासून ती इमारत भारतमाता मंदिर म्हणून ओळखली जाते. आमच्या गावात पर्यटकांना मशीद दाखवावी की मंदिर, हा प्रश्न गाइड लोकांनी केव्हाच सोडवला आहे. ते समोरचा माणूस पाहून ठरवतात.

मी या खांबांकडे लहानपणापासून पाहत आलो आहे. ते देवळाचे आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही, ते दिसतातच. आणि सहाशे तीस वर्षं तिथे अजान होत होती, हेही कोणी नाकारू नये. पण आपल्याकडे जो उठतो तो इतिहास ‘परत मिळवायला’ निघतो, आणि मिळवलेलं त्याच जागेवर लिहू पाहतो. दुरुस्तीवाल्याचा तिसरा नियम इथे कोणालाच माहीत नाही. खालचा थर वाचायचा असेल तर वरचा थर जपावा लागतो, हे ज्याला कबूल नाही तो काही शोधत नसतो, तो फक्त पुढचा थर लिहीत असतो. हे मी फक्त दुसऱ्यांना म्हणत नाही. आपल्यातलेही अनेकजण या गावाचा इतिहास १३१८ पासून सुरू करतात.

याच गावातलं एक दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या काळात, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी लिहिली गेली. पुढे नकला करणाऱ्यांनी तिच्यात आपापल्या ओव्या घातल्या, शब्द बदलले. जवळजवळ तीनशे वर्षांनी, १५८४ साली, एकनाथांनी निरनिराळ्या पोथ्या जमवून, ताडून पाहून तिची शुद्ध प्रत तयार केली. एकनाथ शिकले ते दौलताबादेत, किल्ल्याचा कारभार पाहणाऱ्या जनार्दनस्वामींकडे. आणि त्या जनार्दनस्वामींचे गुरू चाँद बोधले हे सूफी कादरी परंपरेतले, असं रा. चिं. ढेऱ्यांसारख्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमदही त्यांचेच शिष्य. एकनाथांनी पोथ्या जाळल्या नाहीत, कोणाचा सूड घेतला नाही. बाजूला बसून एक वेगळी प्रत केली. मराठीतली पहिली मोठी ‘रिकव्हरी’ मी तिलाच म्हणेन, आणि तिची शाळा आमच्या गावात होती, याचा मला अभिमान आहे.

बारा दिवसांनी दुकानातून फोन आला. बरंच काही सापडलं होतं. पण नावं नव्हती, तारखा नव्हत्या. जेव्हा यादीच नष्ट होते, तेव्हा डिस्कचा एकेक कण चाळून, फाईल कुठे सुरू होते याची ठरावीक खूण शोधतात आणि तिथून पुढे उचलतात. मजकूर मिळतो, त्याचा पत्ता मिळत नाही. शिवाय अब्बांनी ज्या जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलं होतं तो आता कोणाकडे नव्हता. फाईल उघडली की रोमन अक्षरं, उद्गारचिन्हं, चौकोन यांचा कचरा. ज्यांनी युनिकोडच्या आधी मराठीत टाइप केलं आहे त्यांना हे दुःख ठाऊक आहे. अक्षरं शाबूत, पण त्यांना मराठी म्हणून ओळखणारं कोणी नाही. निजामाच्या काळातली उर्दू आणि मोडीतली कागदपत्रं अशीच होती. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीला कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं हुडकावी लागली.

एका ओळखीच्या डीटीपीवाल्यानं जुना फाँट मिळवून मजकूर बदलून दिला. त्यात अब्बांच्या आठवणींचे तीन तुकडे होते. एक आमच्याकडच्या प्रतीसारखाच. बाकी दोन्हींत एक प्रकरण जास्त होतं. छापलेल्या प्रतीत चौथ्या प्रकरणानंतर लगेच शाळेचं प्रकरण येतं, त्याला पाचवा क्रमांक आहे. या तुकड्यांत पाचवं प्रकरण वेगळंच होतं, अकरा पानांचं, आणि शाळा सहावी होती. अकरापैकी मधली दीड पानं गेलेली. त्या जागी गाणी बसली होती.

प्रकरण सप्टेंबर १९४८ चं आहे. अब्बा तेव्हा दहा वर्षांचे, आईबरोबर तिच्या माहेरी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका गावी गेले होते. गावाचं नाव मी इथे देत नाही. १३ सप्टेंबरला फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. दरसाल आपण तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. त्याआधी वर्षभर कासिम रझवीच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत जे केलं ते मराठवाड्यात प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यानंतर जे झालं ते बोललं गेलं नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीनं पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर मेलेल्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. सर्वांत वाईट स्थिती उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत होती. तो अहवाल सहा दशकं दडून होता. सामान्य वाचकाला तो पाहता येऊ लागला २०१३ साली.

अब्बांच्या पानांत आकडे नाहीत. एक बळद आहे. गावच्या पाटलांच्या वाड्यातलं, धान्य ठेवायचं. त्या बळदात दहा वर्षांचा मुलगा, त्याची आई आणि आणखी दोन मुलं चार दिवस होती. वरून ज्वारीची पोती रचलेली. रात्री पाटलीणबाई भाकरी खाली सोडायच्या. एवढं वाचून माझे डोळे भरून आले, आणि मला कळेना की अब्बांनी हे का काढून टाकलं. पुढची पानं वाचल्यावर कळलं. अब्बांचे सख्खे मामू रझाकारांत होते. त्याच उन्हाळ्यात त्यांनी इतरांबरोबर जाऊन पाटलांच्या भावकीतलं एक घर लुटलं होतं, बैल सोडून नेले होते. एका माणसाला मारहाण झाली, त्यातून तो उठला नाही. पाटलांना हे माहीत होतं. बळदात आपण कोणाच्या बहिणीला आणि भाच्याला लपवतो आहोत, हे जाणून त्यांनी लपवलं.

माझा प्रश्न इथून सुरू होतो.

अब्बांनी हे प्रकरण स्वतः काढलं, यात मला शंका नाही, नाहीतर क्रमांक बदलले नसते. पण मुलांना वाटायच्या प्रतीतून काढणं वेगळं आणि ते जगातच राहू नये असं वाटणं वेगळं. कदाचित त्यांनी ते दुसऱ्या फाईलमध्ये जपलं असेल आणि भाच्याच्या फॉरमॅटमध्ये ती गेली असेल. कदाचित एका रात्री त्यांनी ठरवून ते डिलीट केलं असेल. डिस्कवर दोन्हींची खूण एकच. चुकून बोट पडलं, रागानं पुसलं, लाजेनं पुसलं किंवा दुसऱ्या कोणी पुसलं, यंत्राच्या लेखी ही जागा मोकळी समजावी, एवढंच. कर्माचं मोल नियतीवर, म्हणजे हेतूवर ठरतं, असं आपण मदरशात पहिल्या धड्यात शिकतो. नेमकी तीच गोष्ट हे यंत्र नोंदवत नाही.

हात कोणाचा, हेसुद्धा ते खात्रीनं सांगत नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमधल्या पत्रांवर खटल्याचा मोठा भार होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेनं त्या डिस्कची नक्कल तपासून अहवाल दिला की ती पत्रं बाहेरून, व्हायरसच्या मार्गानं तिथे ठेवली गेली आणि लॅपटॉपच्या मालकानं ती उघडल्याची खूण नाही. राष्ट्रीय तपास यंत्रणेनं हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. वाद न्यायालयातला आहे, त्यात मी पडत नाही. पण डिस्कवर सापडलं म्हणजे त्या माणसाच्या मनात होतं, असं म्हणणाऱ्यांपासून आपल्या समाजानं तरी सावध राहावं.

घरात दोन पक्ष झाले. आपा म्हणाली, ‘‘अब्बांनी पडदा टाकला, तो तू उचलणारा कोण? मामूंची नातवंडं आज मुलामुलींची लग्नं जमवताहेत.’’ तिचं म्हणणं हलकं नाही. दुसऱ्याचे ऐब झाकणं आपल्या दीनमध्ये मोठं पुण्याचं काम आहे आणि खोदून खोदून दुसऱ्याचं काढणं सरळ मना आहे. मेलेल्याला तर उत्तरही देता येत नाही. आजच्या कायद्याची दिशाही तीच दिसते. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ च्या डिजिटल माहितीच्या कायद्यानं माणसाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला.

धाकटा भाऊ म्हणाला, ‘‘तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली होती. ती तरली म्हणून आपण वाचतो. मग ती परत बुडवायची का?’’ त्याचं हे म्हणणं ऐकायला छान वाटलं, पण उदाहरण बसत नाही. तुकोबांनी गाथा आपखुशीनं बुडवली नव्हती, त्यांना बुडवायला लावली होती. अब्बांवर कोणाची सक्ती नव्हती. त्यांच्या जवळचं उदाहरण अबू हय्यान तौहीदीचं. दहाव्या शतकातला हा मोठा अरबी लेखक म्हातारपणी आपली पुस्तकं स्वतःच्या हातानं जाळून मोकळा झाला. किंवा काफ्काचं, माझी हस्तलिखितं जाळून टाक, असं त्यानं मित्राला, मॅक्स ब्रोडला सांगून ठेवलं होतं. ब्रोडनं ऐकलं नाही आणि जगाला काफ्का मिळाला. ब्रोडचे आभार सगळे मानतात, पण त्यानं मित्राचा शब्द मोडला, हेही खरंच राहतं.

मी बरेच महिने आपाच्या बाजूनं होतो. ज्यानं पुसलं त्याचाच पुसण्यावर हक्क, हे मला पटत होतं. मग हळूहळू लक्षात आलं की ती अकरा पानं एका माणसाची नाहीत. त्यात मामूंचा गुन्हा आहे आणि पाटलांचा एहसान आहे, आणि दोन्ही एकाच वाक्यात आहेत. मामू काढले तर पाटील नुसते दयाळू गृहस्थ उरतात. गावोगावी असे होते, सुंदरलाल समितीलाही शेजाऱ्यांनी वाचवलेल्या मुसलमानांच्या हकिकती सांगितल्या गेल्या. पण ज्यानं आपल्या भावकीचं घर लुटलं त्याच्याच भाच्याला बळदात ठेवायचं आणि वर पोती रचायची, हे वेगळं आहे. मामूंचा ऐब झाकताना अब्बांनी, नकळत म्हणा, पाटलांची नेकीही पुसली होती.

आपल्याकडे अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क असा फरक करतात. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तो रहीम आहे, माफ करील. बंद्याचा हक्क बुडवला तर त्या बंद्यानंच माफ केलं पाहिजे. ऐब झाकण्याची शिकवण पहिल्या खात्यातल्या गुन्ह्यांना पुरती लागू पडते. ज्या गुन्ह्यात दुसऱ्याचे बैल गेले, माणूस गेला, त्यावर पडदा टाकायचा अधिकार गुन्हेगाराच्या भाच्याला नसतो, भाच्याच्या मुलालाही नसतो. आणि उपकार हेही एक देणंच आहे. अब्बांचं ते देणं मला वारशानं आलं होतं. जमिनीचा तुकडा आला तसंच. देणं लपवून वारसा घेता येत नाही. जनाज्याआधी मय्यतीच्या देण्याची चौकशी करतात ती याचसाठी.

म्हणजे छापून टाकावं, असं मी म्हणत नाही. छापणं म्हणजे चव्हाट्यावर आणणं, आणि आजच्या दिवसांत अशा पानाचं काय होईल हे सांगायला नको. एक बाजू रझाकार एवढा शब्द उचलील, दुसरी बाजू बळद उचलील. ती पानं आधी कोणाला दाखवायची, हा माझा प्रश्न होता. हक्क ज्याचा, त्याला.

त्याआधी एक काम होतं. दुरुस्तीवाला आणि डीटीपीवाला या दोघांनी ती पानं माझ्याआधी पाहिली होती. दोघं हिंदू, दोघंही चांगले. डीटीपीवाला त्याविषयी कधीच बोलला नाही. दुरुस्तीवाला पैसे घेताना एवढंच म्हणाला, ‘‘सर, आम्ही फाईल उघडते का बघतो, वाचत नाही. पण तुमची ती पानं नजरेत आली.’’ मी म्हटलं, ‘‘तुमच्याकडची नक्कल पुसा.’’ त्यानं माझ्यासमोर ती नक्कल असलेल्या डिस्कवर शून्यं लिहायला लावली. जवळजवळ तास लागला. मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो. आपण डॉक्टरवर, वकिलावर विश्वास ठेवायला शिकलो आहोत. या नव्या अमानतदाराचा आपल्याकडे अजून विचार झालेला नाही. अमेरिकेत २००० ते २००२ या काळात गारफिंकेल आणि शेलाट या दोन संशोधकांनी बाजारातून १५८ जुन्या डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालत होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त बारा. बाकीच्यांत लोकांची पत्रं, क्रेडिट कार्डांचे नंबर, सगळं होतं. आपण कॉम्प्युटर भंगारात देतो तेव्हा काय काय देतो, याचा हिशेब करून पाहावा. नव्या एसएसडी डिस्कनी तर गोष्टच बदलली आहे. त्या डिलीट केलेलं बहुधा स्वतःच, लगोलग साफ करून टाकतात. आमच्या नातवंडांना असे प्रश्न पडणार नाहीत. त्यांच्या हाती पुसलेलं पान लागणारच नाही, मग ते चुकून पुसलेलं असो की ठरवून.

२०१७ च्या उन्हाळ्यात मी त्या गावी गेलो. आपालाही घेऊन गेलो. ती यायला तयार झाली याचंच मला नवल वाटलं. वाडा अर्धा पडलेला आहे, बळद बुजवलेलं आहे. पाटलांचे पणतू शेतीचं पाहतात. त्यांनी पाणी दिलं, चहा सांगितला. मी माझी ओळख दिली आणि कशासाठी आलो ते सांगितलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. आतून त्यांची आजी आली. ऐंशीच्या आसपास असेल, पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी लग्न होऊन या घरात आलेली.

‘‘बळदात लेकरं व्हती, येवढं सासूबाई सांगायच्या,’’ ती म्हणाली. ‘‘कोणाची, ते मामंजींनी कधी बोलू दिलं न्हाई. म्हणायचे, उद्या त्यांना गावात यायचं आसंल, तर खाली मान घालून का म्हणून यावं?’’

मी विचारलं, ‘‘आणि बैलांचं?’’

‘‘ते बी म्हाईत हाय.’’ तिनं आपाकडे पाहिलं. आपाचा पदर डोळ्यांना लागला होता.

म्हणजे इकडे अब्बांनी पुसलं होतं आणि तिकडे पाटलांनी. एकानं आपली लाज झाकली, दुसऱ्यानं त्याचीच लाज झाकली. दोघांचं पुसणं दिसायला सारखं. मी अजून ते दोन्ही एका मापानं मोजू शकलेलो नाही.

आजींनी विचारलं, ‘‘कागद आणलेत का?’’ मी पिशवीतून काढले. वाचून दाखव, म्हणाल्या. पणतू उंबऱ्यात येऊन बसले, त्यांची दोन पोरं खांबाला टेकून उभी राहिली. मी सुरुवातीपासून वाचत गेलो. मामूंचं आलं तिथे आवाज अडखळला, पण थांबलो नाही. सातव्या पानाच्या मध्यावर मात्र थांबावं लागलं. आजींनी मान वर केली.

मी म्हटलं, ‘‘इथली दीड पानं गेली, आजी. ती आता मिळायची नाहीत.’’

‘‘मंग हाय तिथून वाच,’’ त्या म्हणाल्या.